मनगटावरचा मोजणीदार

घड्याळ ही एकेकाळी आपल्या वस्तीत केवळ वेळ पाहण्याची वस्तू नव्हती. ज्याच्या मनगटावर घड्याळ, तो नोकरीवर लागलेला माणूस, असे साधे गणित होते. रोजमजुरीला जाणाऱ्याला घड्याळाचे काम पडत नसे. त्याची वेळ सूर्य ठरवी, नाहीतर शेतमालक ठरवी. आमचे वडील शिपाई म्हणून नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पैसे साठवून एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ घेतले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरच्या सरकारी कारखान्यात ही घड्याळे होऊ लागली आणि पुढे देशभरच्या मास्तर-कारकुनांच्या हातावर ती दिसू लागली. वडील रोज सकाळी त्याला किल्ली देत. ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. एच.एम.टी.चा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. वडिलांचे घड्याळ मात्र किल्ली दिली की अद्याप चालते.

आता काळ पालटला आहे. कारंज्याच्या मोबाईलच्या दुकानात दीड-दोन हजार रुपयांत जे घड्याळ मिळते ते वेळ तर दाखवतेच. शिवाय पावले, नाडीचे ठोके, झोप, रक्तातील ऑक्सिजन आणि काही ठिकाणी रक्तदाबसुद्धा दाखवतो म्हणते. २०१५ साली शाओमी कंपनीचा साधा पट्टा ९९९ रुपयांना भारतात आला. पुढे नॉइज, बोट, फायर-बोल्ट या भारतीय नावांची घड्याळे निघाली, किमती उतरल्या आणि ही चैनीची वस्तू कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आली. कामरगावात अकरावी-बारावीच्या मुलांच्या हातावर ती दिसते, तशी संस्थेच्या सभेला येणाऱ्या ज्येष्ठ सभासदांच्या हातावरही दिसते. मुलाने किंवा जावयाने आणून दिलेली असते.

आम्ही बँकेत लिपिक. कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राचा आमचा अभ्यास नाही हे आधीच सांगून टाकतो. परंतु मागील वर्षी डॉक्टरांनी आमच्या वजनावर आणि साखरेवर बोट ठेवले आणि "रोज चालत जा" असे बजावले, तेव्हा आम्हीही एक घड्याळ घेतले. ते पाहून वस्तीतील एक विद्यार्थी म्हणाला, "काका, पावलं मोजते म्हणते, पण खरंच मोजते का जी?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जे स्वतः करून पाहिले ते विद्यार्थी मित्रांसमोर आणि सभासदांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम पावलांचे पाहू. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती असते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी बसणारे हिसके ती टिपते. मोटारीला धडक बसताच हवेची पिशवी फुगते, तिलाही असाच हिसका टिपणारा भाग लागतो. माणूस चालतो तेव्हा हात ठरावीक तालात हलतो. तो ताल जुळला की घड्याळ एक पाऊल मांडते. म्हणजे पाऊल हा घड्याळाचा अंदाज आहे. हिशोबाच्या भाषेत सांगायचे तर ही नोंद मूळ पावतीवरून झालेली नसते, ऐकीव माहितीवरून झालेली असते.

आम्ही काही दिवस याची परीक्षा घेतली. मोटारसायकलवरून कारंज्याला गेलो तेव्हा खड्ड्यांच्या कृपेने कित्येक पावले जमा झाली. एका कार्यक्रमात भाषणाला टाळ्या वाजविल्या, तीही जमा झाली. उलट घरातील गॅसचे सिलिंडर हातगाडीवर घालून ढकलत आणले, त्या वाटेवरची पावले जवळजवळ गायब. कारण हात गाडीच्या दांड्यावर स्थिर होता. मग आम्ही शेजारच्या मावशींच्या हातात घड्याळ बांधले. त्या सोयाबीनच्या निंदणाला गेल्या. दिवसभर वाकून, सरकत सरकत तासामागून तास काढले, परत येताना डोक्यावर गवताचा भारा एका हाताने धरून आणला. संध्याकाळी घड्याळाने जो आकडा दाखविला तो आमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या आकड्याहून फारसा मोठा नव्हता. मावशी आकडा पाहून हसल्या. "म्हंजे मी दिवसभर बसूनच होती का?"

त्या एका वाक्यात या यंत्राचा स्वभाव आला. हे घड्याळ हालचाल मोजते. श्रम मोजत नाही. ज्याचे काम बसून आहे आणि ज्याला व्यायाम म्हणून मुद्दाम हात हलवत चालावे लागते, अशा माणसाला समोर ठेवून ते घडविले आहे. आम्ही त्यांपैकीच, म्हणून आमच्या ते उपयोगी पडते. डोक्यावर ओझे, हातात विळा किंवा हातगाडीचा दांडा धरून जो राबतो त्याचा हिशोब त्यात पुरता बसत नाही.

दहा हजार पावलांचे वेड कोठून आले हेही सांगण्यासारखे आहे. अनेकांना वाटते की हा आकडा डॉक्टरांनी संशोधन करून ठरविला. तसे नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहत होते. १९६५ साली तेथील यामासा कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र काढले आणि त्याला 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचे मापक असे नाव दिले. नाव खपले आणि आकडा जगभर रूढ झाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे त्यात आणखी घट दिसली नाही. तेव्हा आपल्या आजीबाई विहाराला दोन वेळा चालत जाऊन येत असतील तर दहा हजार भरले नाहीत म्हणून त्यांना कोणी बोलू नये.

खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा तर सोडूनच द्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सात प्रकारची मनगटी यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. पण उष्मांकांत सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ही यंत्रे आमच्या दीड हजाराच्या घड्याळाहून कितीतरी महाग होती.

आता नाडी. घड्याळ उलटे करून पाहिले तर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक नळ्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा कमी-जास्तपणा मोजून ठोके काढतात. युक्ती सुंदर आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके साध्या घड्याळातही बऱ्यापैकी जुळतात. आम्ही बोटांनी नाडी धरून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. चार-पाच ठोक्यांचा फरक आला. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, त्यात खर्च काही नाही.

परंतु यातही अडचणी आहेत. पट्टा सैल असला, हात गार पडला, हाताला हिसके बसत असले की हिशोब बिघडतो. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे यंत्राकडे परतणारा प्रकाश मुळातच कमी असतो. आणि गोंदण! आमच्या आईच्या पिढीतील स्त्रियांच्या मनगटावर हिरवे-निळे गोंदण असते. त्यावर घड्याळ बांधले तर दिव्याचा उजेड शाईतच मुरतो. आमच्या आईच्या हातावर घड्याळाने कधी १४० ठोके दाखविले, कधी काहीच दाखविले नाही. मनगटाच्या आतल्या, न गोंदलेल्या बाजूला बांधले तेव्हा आकडा ताळ्यावर आला. एक गंमत म्हणून आम्ही ते पाण्याने भरलेल्या बाटलीला बांधून पाहिले. बाटलीचे ठोके ७८ आले. बाटलीची प्रकृती उत्तम.

हसण्याचा भाग येथे संपतो. मागील हिवाळ्यात वस्तीतील एका घरी जे घडले त्यामुळेच हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले. सतरा वर्षांचा मुलगा, त्याला सिकलसेलचा आजार. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. पुष्कळांच्या नात्यात कोणी ना कोणी आहेच. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. छातीत त्रास सुरू झाला तर वेळ दवडून चालत नाही. त्या मुलाला रात्री ताप आला, छातीत दुखू लागले. घरच्यांनी घड्याळ पाहिले. ऑक्सिजन ९७. "नव्वदच्या वर आहे, सकाळी नेऊ," असे ठरले. कोरोनाच्या काळात हा आकडा सगळ्यांना पाठ झाला होता. सकाळी दवाखान्यात बोटाला यंत्र लावले तेव्हा ८८ आले. मुलगा वाचला. पण आठवडाभर त्याला नळीने ऑक्सिजन द्यावा लागला आणि त्याच्या आईला अजून त्या रात्रीची झोप नाही.

ऑक्सिजन मोजण्याची ही पद्धत जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि ऑक्सिजन सोडलेले रक्त लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, यावर ती उभी आहे. दवाखान्यातील यंत्र हा प्रकाश बोटाच्या आरपार पाठवते. घड्याळाला मनगटाच्या आरपार पाठविता येत नाही. ते परत फिरलेल्या प्रकाशावर भागवते आणि मनगटावर रक्ताचा ठोकाही दुबळा असतो. त्यात रंगाचा प्रश्न आहेच. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की दवाखान्यातील चांगली यंत्रेसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवतात. लपलेली कमतरता त्यांच्यात गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट आढळली. सिकलसेलच्या रुग्णात तर रक्तच वेगळे, म्हणून बोटाच्या यंत्राचा आकडाही डॉक्टर एकटा धरत नाहीत. गरज पडली तर रक्त काढून तपासतात. मग दीड हजाराच्या घड्याळाची काय कथा! त्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'हे वैद्यकीय उपकरण नव्हे' अशा अर्थाचे वाक्य बहुधा असते. ते इंग्रजीत असते आणि डबा पहिल्याच दिवशी फेकला जातो.

रक्तदाबाचे तसेच. दंडाला पट्टा आवळून, हवा सोडून जो मोजला जातो तो रक्तदाब. नुसत्या दिव्यावरून स्वस्त घड्याळ जो आकडा काढते तो अंदाज असतो. सॅमसंगसारख्या कंपनीच्या महागड्या घड्याळातही ही सोय वापरायची तर आधी दंडाच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावे लागते आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा जुळवावे लागते. सुई न टोचता साखर दाखवितो म्हणणारी घड्याळे आणि अंगठ्याही बाजारात आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट बजावले की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांनी अशा आकड्यावर डोस ठरविला तर जिवावर बेतेल.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे. ज्या घरात सिकलसेलची तपासणी अजून झाली नाही, त्यांनी घड्याळाआधी ती करून घ्यावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे आणि सरकारी दवाखान्यांत तपासणीची सोय आहे. लग्न जुळविताना पत्रिका पाहण्याऐवजी हा कागद पाहावा, हे आपल्या कार्यकर्त्यांनी कैकदा सांगितले आहे.

येथवर आकडा बरोबर की चूक हे पाहिले. दुसरा प्रश्न त्याहून मोठा वाटतो. आकडा जातो कोणाकडे?

नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर घड्याळे बांधण्यास सुरुवात केली. कामगार सुमारे आठ हजार. ही घड्याळे पावले मोजून कामगाराची तब्येत राखण्यासाठी नव्हती. उपग्रहाच्या मदतीने कामगार कोठे आहे हे ती कळवत. प्रत्येकाला नेमून दिलेला भाग नकाशावर आखलेला. तो किती वाजता भागात आला, किती वेळ थांबला, केव्हा बाहेर पडला हे कार्यालयात बसून पडद्यावर दिसे आणि त्यावरून हजेरी लागे. नवी मुंबईतही असा प्रयोग झाला. चंडीगडमध्ये २०२० साली तो सुरू झाला तेव्हा सफाई कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. घड्याळ बंद पडले, चार्जिंग उतरले तरी गैरहजेरी लागते, पगार कापला जातो. घड्याळात कॅमेरा आहे, मग स्त्रियांनी आडोशाला जाताना काय करायचे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. झाडू हाती धरणारी ही माणसे देशभर बहुतांशी कोणत्या समाजातील आहेत हे या पानांच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्रशासनाची बाजूही आहे. एकाच्या नावावर दुसराच काम करतो, कागदावर हजर असलेला माणूस रस्त्यावर नसतो, असे प्रकार होत आणि त्यात पैसा मुरे. तो थांबावा हे बरोबरच. बँकेत आम्हांलाही सकाळी यंत्रावर बोट टेकवावे लागते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ते यंत्र दाराशी भिंतीवर असते. आम्ही चहाला उठलो, कंबर मोकळी करायला दोन मिनिटे उभे राहिलो, तर ते आमच्या मागे येत नाही. साहेबांच्या मनगटावरही कोणी असे घड्याळ बांधीत नाही. झाडणाऱ्याच्याच हाताला ते का बांधावे, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सापडले नाही. त्या घड्याळाला हातगाडी ढकलण्याचे कष्ट कळत नाहीत. गटारातील दुर्गंधी, हातमोजे मिळाले की नाही, मुखपट्टी मिळाली की नाही, हे तर मुळीच कळत नाही.

मोजणे मुळात वाईट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा दुरुस्ती कायदा १९४६ चा. तेथेही घड्याळच होते, पण ते मालकाला सांगत होते की आता बस्स, याला घरी जाऊ द्या.

कायद्याचे आजचे चित्र थोडक्यात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क असून तो संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात सामावलेला आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक धरली आहे. मात्र त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कामासाठी माहिती वापरण्यास मालकाला संमतीवाचून मोकळीक आहे. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे कलम मुळातून वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपण स्वतः विकत घेतलेल्या घड्याळाचेही आकडे मोबाईलमार्फत कंपनीकडे जातात. सुरुवातीला ते ठिकाण, संपर्क, छायाचित्रे अशा परवानग्या मागते. पावले मोजण्यास फोनमधील नातेवाइकांच्या यादीची गरज नसते. ती परवानगी नाकारावी. जन्मतारीख, आजार, औषधे ही माहिती भरलीच पाहिजे असे नाही.

घ्यायचेच असेल तर काय पाहावे? पट्टा बदलता येतो का, पाण्याचा शिंतोडा सोसते का, चार्जिंग चार-पाच दिवस पुरते का, दुरुस्तीची सोय कारंज्यात किंवा निदान अकोला-अमरावतीत आहे का. बिल घ्यावे आणि जपून ठेवावे. आमच्या पहिल्या घड्याळाचा पडदा दोन महिन्यांत गेला तेव्हा बिल सापडले नाही आणि दुकानदाराने हात वर केले. रक्तदाब, साखर ही नावे डब्यावर असली म्हणून पाचशे रुपये जास्त देऊ नयेत. तेवढ्यात थोडी भर घातली तर दंडाचे रक्तदाबाचे यंत्र येते आणि ते साऱ्या घराला पुरते.

आमचे घड्याळ आम्ही वापरतो. रोजचा आकडा खरा की खोटा हे पाहत नाही, कारण चूक रोज साधारण सारखीच असते. मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात चालणे वाढले की घटले एवढेच पाहतो. साखर प्रयोगशाळेत तपासतो.

संस्थेच्या येत्या आरोग्य शिबिरात दंडाचे यंत्र, बोटाचे ऑक्सिजन यंत्र आणि सिकलसेलची प्राथमिक तपासणी ठेवण्याचा विचार चालू आहे. ज्यांच्याकडे अशी घड्याळे आहेत त्यांनी ती चार्ज करून सोबत आणावीत. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी एका वहीत लिहून घेऊ. वही आमच्याकडे राहील, आणि ज्याचा आकडा त्यालाच दाखविला जाईल.